लपवलेली राखाडी पट्टी

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझा फोन तिसऱ्यांदा तलावात पडला हे बाबाकडून कळलं. तो म्हणाला, "तिच्यापेक्षा तिचा फोन जास्त पोहतो." आणि आता म्हणे तू नवीन घेणारच नाहीस, बोलायचं असेल तर मीच पत्र लिहायचं, तेही मराठीत. ठीक आहे! इंग्रजी शाळेत गेले म्हणून आयुष्यभर चिडवलंस ना मला, आता हे पत्र वाच आणि गप्प बस.

पहिली बातमी: मला काम लागलं. छोटंसं ऑफिस आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पण माझ्या टेबलाला खिडकी आहे आणि दोन स्क्रीन आहेत. दोन! आमच्याकडे लोकांनी भरलेले सर्व्हे येतात. आम्ही ते साफ करतो आणि चार्ट काढून देतो. साफ म्हणजे फडकं घेऊन नाही गं. कुणी वयाच्या जागी "अजून तरुण आहे" लिहितं, कुणी तेच उत्तर दोनदा पाठवतं, ते सगळं निस्तरायचं.

आमच्या सरांना गोल पाय चार्टचं भयंकर वेड आहे, म्हणून सगळे त्यांना वर्तुळराव म्हणतात. त्यांच्या मागे. मी आल्या आल्या त्यांच्याशी भांडून उभ्या पट्ट्यांचा बार चार्ट काढला आणि तो पासही झाला. माझा पहिला चार्ट! तुला आवडेल, पोहण्याच्या एका केंद्राचाच होता. केंद्र क्रमांक चार, एवढंच आम्हाला सांगतात, नाव-गाव काही नाही. प्रश्न असा होता: आमच्या केंद्रात काय काय वापरता? लागू असेल त्या प्रत्येकावर टिक करा. पर्याय पाच: मोठा तलाव, छोटा गरम तलाव, मुलांचे वर्ग, व्यायामाची खोली, उडी मारायचा कट्टा.

आता गंमत बघ. माणूस तीन ठिकाणी टिक करतो आणि ती तिन्ही उत्तरं एकाच चौकोनात चिकटून येतात. सॉफ्टवेअरला वाटतं, हे एक वेगळंच उत्तर आहे. "मोठा तलाव, मुलांचे वर्ग" याची एक पट्टी. "मुलांचे वर्ग, मोठा तलाव" याची दुसरी! स्क्रीनवर नुसतं गवत उगवलं. मग मी डोकं लावलं. ज्यांनी एकच गोष्ट निवडली त्यांच्या पाच स्वच्छ पट्ट्या ठेवल्या, आणि बाकीचा पसारा एका राखाडी पट्टीत कोंबून तिला नाव दिलं "इतर". ती जरा उंच झाली. जरा म्हणजे सगळ्यांत उंच. वर्तुळराव म्हणाले, "ही भुतासारखी काय उभी आहे? लपव." एक क्लिक, लपवली. उरलेल्या पाच पट्ट्यांना मोहरीच्या फुलासारखा पिवळा रंग दिला आणि प्रत्येकीच्या डोक्यावर छोटीशी लाट काढली. केंद्रवाले खूश. वर्तुळराव म्हणाले, "पोरगी चालेल." चालेल काय, पळेल!

तू कशी आहेस? खांदा दुखायचा थांबला का?

तुझी,
बुडबुडी

(बघ, अजून हेच नाव लावते. एकदा बुडले तर जन्माचं चिकटवलंस.)

९ फेब्रुवारी

लाडके बुडबुडे,

पत्र मिळालं. मराठी बरं आहे. चुका काढल्या असत्या, पण पहिला पगार व्हायच्या आत कुणाला नाउमेद करू नये.

तुझं नाव मी चिकटवलं नाही, तू कमावलंस. सहा वर्षांची घोडी, काठाला घोरपडीसारखी चिकटायचीस. हात सोडवला की तळाशी, आणि वर नुसते बुडबुडे. माझ्या हाताखालून एवढी पोरं पोहून गेली, एकटी तू सुकीच राहिलीस. घरच्याच पोरीने नाक कापलं.

खांदा दुखतोच. रोज शिट्टी वाजवून झाली की मीही गरम तलावात उतरते, म्हणून निदान केस विंचरता येतात. आता तेही बंद होणार दिसतंय.

सांगते. आमच्या केंद्रातही मागे सर्व्हे झाला. काउंटरवरच्या टॅबवर सगळ्यांनी भरला. गेल्या आठवड्यात मॅनेजरने फलकावर एक चार्ट डकवला. त्यात म्हणे आमचा गरम तलाव वापरतात फक्त तीन टक्के! तीन! वरती चिठ्ठी: कमी वापरामुळे छोटा तलाव बुजवून तिथे पोहण्याच्या सामानाचं दुकान काढायचा विचार आहे, सोळा मार्चच्या बैठकीत निर्णय.

अगं, सकाळी त्या तलावात पाय ठेवायला जागा नसते. माझं गुडघा मंडळ तर आहेच. सगळ्या बायका पाण्यात कमरेपर्यंत उभ्या, पाय कमी आणि तोंड जास्त हलतं. आणि आमचे शिंपीकाका. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती. दोन माणसं धरून आणायची. त्या तलावात मी त्यांचा हात धरून पुढे-मागे चालवलं, रोज. गेल्या महिन्यात त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला अडवताय." आपले आपण चालले! मी शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की मोठ्या तलावातली पोरं घाबरून काठाला आली.

आणि कुणी दीडशहाणा कुठेतरी खुर्चीत बसून म्हणतो, तीन टक्के. चार्ट काय पण नटवलाय! पिवळ्या पट्ट्या, वर लाटा. गाढवाला अंघोळ घालून टिळा लावावा तसा. ज्याने काढला तो भेटला ना, कट्ट्यावरून ढकलते की नाही बघ.

तू त्याच धंद्यात आहेस. सांग, असला चार्ट खोटा कसा पाडायचा?

तुझी,
आत्या

१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

घाईत लिहितेय, काम खूप आहे.

चार्ट काढणाऱ्यावर एवढी चिडू नकोस. तो दीडशहाणा नसेलही. कदाचित नवीन असेल, उत्साहात असेल. मला काय वाटतं ते सांगते. तुमच्या लोकांनी बहुतेक दोन-तीन गोष्टींवर टिक केलं असणार. चार्ट काढणाऱ्याने ज्यांनी फक्त एकच गोष्ट निवडली तेवढेच मोजले असतील. दोन-तीन निवडणारे गेले "इतर"मध्ये, आणि "इतर" गेलं पडद्यामागे. म्हणजे ज्यांनी गरम तलावाबरोबर अजून काही निवडलं, ते त्या तीन टक्क्यांत नाहीतच. असं होतं कधी कधी. सॉफ्टवेअर चुकत नाही, ते बिचारं जे सांगू ते करतं.

ही चूक सुधारता येते. अवघड नाही. फक्त मूळ उत्तरं परत उघडून नीट सोडवायला हवीत. तू मॅनेजरला एवढंच सांग की चार्ट पुन्हा तपासून मागवा. ठामपणे सांग. तुला ठाम बोलायला शिकवायची गरज नाही म्हणा.

शिंपीकाकांना माझा नमस्कार सांग. खरंच आपले आपण चालले?

तुझी,
बुडबुडी

ता. क. त्या लाटा अगदीच वाईट दिसतात का?

१९ फेब्रुवारी

बुडबुडे,

शाब्बास! तुझं पत्र तीनदा वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅनेजरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि बोलले. बाहेर ऐकू गेलं म्हणतात. त्याने चार्ट परत तपासायला पाठवायचं कबूल केलं, आणि फॉर्मही आठवडाभर पुन्हा उघडला, राहिलेल्यांनी भरावा म्हणून.

आता तू काळजी करू नकोस. बाकीचं मी बघते. बारा तलावांचं पाणी प्यायलेली बाई आहे मी. तीन टक्क्यांचे तीस झाले नाहीत तर शिट्टी गळ्यातून काढून ठेवीन.

कसं ते विचारू नकोस.

लाटांचं काय विचारतेस मध्येच? भिकार आहेत.

तुझी,
आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी बसून घे. काठावर नको, खुर्चीत बस.

केंद्र क्रमांक चार म्हणजे तुझं केंद्र. तो चार्ट मी काढला. लाटाही माझ्याच. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच कळलं, आणि चौदा तारखेला मी जे "कदाचित नवीन असेल" वगैरे लिहिलं ते सगळं माझ्याबद्दलच होतं. सरळ लिहायची हिंमत झाली नाही. कट्ट्यावरून ढकलायचं असेल तर ढकल, पण पुढचं वाचून मग.

परवा तुमची फाइल परत आली. मी वर्तुळरावांना लगेच सांगितलं की तिथली कोच माझी सख्खी आत्या आहे. ते म्हणाले, "मग काम तू कर, पण तपासणार दुसरं कुणीतरी." शेजारच्या टेबलावर आमची एक सीनिअर बसते. तिला सगळे भिंग म्हणतात, कारण तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. ती तपासणार.

या वेळी मी शहाण्यासारखं केलं. चिकटलेली उत्तरं सुटी केली. एका माणसाची एक ओळ होती, तिच्या जितक्या खुणा तितक्या ओळी केल्या. आता गरम तलावाच्या सगळ्या ओळी एकत्र येतात, बरोबर अजून काय निवडलं याने फरक पडत नाही. पण इथे दुसरा खड्डा आहे. ओळी वाढल्या म्हणून माणसं वाढत नाहीत! ओळी मोजल्या तर चारशेबारा लोकांचे हजारावर होतात. म्हणून प्रत्येक सभासद क्रमांक एकदाच मोजायचा, आणि टक्केवारी लोकांवर काढायची, खुणांवर नाही. केलं. आणि आत्या, गरम तलाव वापरणारे किती निघाले माहितेय? चारशेबारापैकी एकशे चोपन्न! सदतीस टक्के! तीन नाही, सदतीस! मी खुर्चीवरून उठून दोन गिरक्या घेतल्या.

मग दुसऱ्यांदा भरलेले फॉर्म उघडले.

नव्वदच्या वर उत्तरं, आणि नवीन सभासद एकही नाही. सगळे जुनेच. पहिल्या वेळी ज्यांनी तीन-तीन खुणा केल्या होत्या, त्यांनीच आता फक्त गरम तलावावर खूण केलीय. सकाळी गुडघा मंडळाची जी वेळ असते, नेमकी त्याच वेळी, ओळीने, एकामागून एक.

आत्या, हे तू केलंस ना?

मी लिहिलं होतं की एकच गोष्ट निवडणारे मोजले जातात. मी चूक समजावून सांगत होते गं, युक्ती नव्हते शिकवत! आमच्याकडे सरळ नियम आहे: एकाच माणसाची दोन उत्तरं आली तर शेवटचं ठेवायचं. तो लावला तर तुझे सगळे लोक फक्त गरम तलावाचे होतात, आणि मुलांचे वर्ग, मोठा तलाव यांच्या पट्ट्या खाली येतात. ते खोटं आहे. मला पहिली उत्तरं ठेवायची आहेत, कुणी काही शिकवायच्या आधीची. आणि का ठेवली ते चार्टखाली स्वच्छ लिहायचंय. पण मग कुणीतरी विचारणारच, की दुसऱ्यांदा भरायला कुणी सांगितलं.

मी लपवणार नाही. एकदा एक पट्टी लपवून बघितली, पुरे झालं. पण तुला न विचारता मला हे बैठकीत सांगायचं नाही. लवकर लिही.

तुझी,
बुडबुडी

४ मार्च

गाढवा,

हो, तुलाच म्हणतेय. पत्र वाचून इतकी चिडले की शिट्टी चावली. माझ्याच भावाची पोरगी, माझाच तलाव बुजवायला निघाली, आणि वर मलाच विचारते, लाटा वाईट दिसतात का! आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या रागात ठरवलं होतं की लिहायचं, दुसरी उत्तरंच ठेव, माझ्या बायकांनी जे भरलं ते भरलं. हो, मीच सांगितलं त्यांना. टॅबजवळ उभी राहिले आणि एकेकीला म्हटलं, "फक्त गरम तलाव. बाकी कशाला हात लावायचा नाही." टोपीवाल्या काकू म्हणाल्या, "अहो पण माझा नातू वर्गाला येतो." मी म्हटलं, "आठवडाभर विसरा नातवाला." तेव्हा मला मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं.

पण पत्र खिशात घालून काल सकाळी दारापाशी उभी राहिले. एरवी मी पाण्याकडे बघत असते, दाराकडे कधी बघितलंच नाही. शिंपीकाका आले. त्यांना कोण घेऊन आलं? सून. ती त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडून मोठ्या तलावात गेली. नात वर्गाला पळाली. तासाने तिघं ओल्या डोक्यांनी एकत्र बाहेर. टोपीवाल्या काकूंचंही तेच. सगळ्यांचं तेच.

तू लिहिलंस "एका माणसाची एक ओळ". अगं शहाणे, तो एक माणूस नाहीये! आमच्याकडे कार्ड माणसाचं नसतं, घराचं असतं. एक घर, एक कार्ड, एक फॉर्म. तुझे चारशेबारा म्हणजे चारशेबारा घरं. तुला कुणी हे सांगितलं नाही, आणि तुला विचारायचंही सुचलं नाही. समज, एक बाई तीन पिशव्या घेऊन येते. तू आधी पिशव्यावालीलाच दाराबाहेर ठेवलंस, आणि रिकाम्या हाताने आलेल्या तेवढ्या मोजल्यास.

मग मला कळलं ते तीन टक्के कोण. ज्या कार्डावर फक्त गरम तलाव आहे, ती घरं म्हणजे ज्यांना सोडायला कुणी येत नाही. एकटी म्हातारी माणसं. त्यातलं एक कार्ड माझं आहे.

आणि मी काय केलं? माझ्या हट्टापायी सगळ्यांच्या फॉर्मवरून सुना, नातवंडं खोडली आणि सगळ्यांना माझ्यासारखं एकेकटं करून ठेवलं. तलाव वाचवायला निघाले आणि तलावाला कोण येतं तेच पुसून टाकलं.

पहिली उत्तरं ठेव. दुसरी का आली कुणी विचारलं, तर माझं नाव सांग. मॅनेजरला मी आजच सांगून आले. त्याने तोंड उघडायच्या आतच म्हटलं, "ओरडायचं तर ओरडा, पण घशाला सवय नसेल तर माझ्या नादी लागू नका."

सोळा तारखेला तुला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की पहिला चार्ट चुकला होता. तेव्हा एक लक्षात ठेव. कट्ट्यावरून उडी मारताना खाली बघायचं नाही. समोर बघायचं, श्वास घ्यायचा, पाय सोडायचा. पाणी आपलं काम करतं.

अजून रागावलेली,
आत्या

१७ मार्च

प्रिय आत्या,

झाली बैठक! सगळं सांगते, क्रमाने.

आधी भिंग. तिने माझी फाइल घेतली, चष्मा पुसला आणि दुपारपर्यंत एकेक ओळ तपासली. मग म्हणाली, "यातल्या तीन ओळी खोट्या आहेत." मी वाकून बघितलं. तर त्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्म चालतो का बघायला स्वतःच भरलेल्या, तिन्हींत सगळ्या पर्यायांवर खुणा! त्या काढल्या. एकशे एक्कावन्न घरं, चारशेनऊपैकी. टक्केवारी हललीसुद्धा नाही, सदतीसच. भिंग म्हणाली, "आता उभी राहा, पडणार नाहीस." तिच्या तोंडून हे म्हणजे हार-तुरेच.

बैठक स्क्रीनवर होती. तुमचा मॅनेजर, केंद्राच्या मालकीणबाई, त्यांचे दोन हिशेबनीस, आणि आमच्याकडून वर्तुळराव, भिंग आणि मी. मी दोन चार्ट शेजारी शेजारी ठेवले. जुना लाटावाला, पण या वेळी राखाडी पट्टीसकट, अठ्ठावन्न टक्क्यांची, आणि नवा. मालकीणबाई म्हणाल्या, "ही राखाडी पट्टी आधी कुठे होती?"

मी समोर बघितलं, श्वास घेतला. म्हटलं, "मी लपवली होती. पसारा वाटला म्हणून. तुमचं निम्म्याहून जास्त केंद्र त्या पसाऱ्यात होतं."

वर्तुळरावांनी घसा खाकरला. मला वाटलं, संपलं. तर ते म्हणाले, "लपवायला मी सांगितलं होतं. ती नवीन आहे, मी जुना. पुढे बोल गं." आत्या, त्यांना मी यापुढे वर्तुळराव म्हणणार नाही. मागेसुद्धा. निदान महिनाभर.

मग एक हिशेबनीस म्हणाले, "पण या नव्या चार्टची बेरीज शंभराच्या कितीतरी वर जाते. हे कसं शक्य आहे?"

मी म्हटलं, "जुन्याची राखाडी पट्टीवाचून बेचाळीसच होती, तेव्हा कुणी विचारलं नाही."

भिंग खोकली. हसू दाबताना ती खोकते, आता कळायला लागलंय मला. मग मी तुझ्या पिशव्या सांगितल्या. घर एक, पिशव्या तीन. प्रत्येक पट्टी विचारते, शंभर घरांपैकी किती घरांतून कुणीतरी इथे येतं. पट्ट्यांची एकमेकींत बेरीज करायचीच नाही. बाई म्हणाल्या, "समजलं. पुढे."

पुढे मी शेवटचा चार्ट दाखवला, जो तुझ्या पत्रानंतर काढला. गरम तलाव वापरणारी घरं अजून काय वापरतात. दहातली नऊ घरं दुसरं काहीतरी वापरतातच, आणि सगळ्यांत जास्त, मुलांचे वर्ग. मी म्हटलं, "गरम तलाव बंद केला तर ही घरं सोडून जातील का, ते हा सर्व्हे सांगत नाही. आम्ही ते विचारलंच नव्हतं. पण आजोबांना आणणारी सून आणि वर्गाला येणारी नात एकाच कार्डावर आहेत, एवढं मात्र तो नक्की सांगतो."

आणि दुसऱ्यांदा भरलेल्या फॉर्मचंही सांगितलं. तुझं नाव घ्यायच्या आधीच मॅनेजर म्हणाला, "ते मला माहीत आहे. दार लावून सांगितलंय मला." मालकीणबाई म्हणाल्या, "त्या शिट्टीवाल्या बाई का?" म्हणजे तुझी कीर्ती वरपर्यंत आहे.

निर्णय आठवड्यात कळवणार आहेत. मला माहीत नाही काय होईल. पण चार्ट खरा आहे, आत्या. कुणीही उघडावा, कुठूनही मोजावा.

या वेळी लाटा काढल्या नाहीत.

तुझी,
बुडबुडी

२३ मार्च

लाडके बुडबुडे,

तलाव राहिला!

मालकीणबाई काल स्वतः आल्या. सकाळी, न सांगता. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून काठावर उभ्या राहिल्या आणि तासभर दाराकडेच बघत होत्या. मग शिंपीकाकांना विचारलं, "पाणी कसं आहे?" काका म्हणाले, "या की आत, बाहेरून काय विचारता?" त्या हसल्या. दुकान आता वरच्या मजल्यावर व्हायचंय. वर्षभराने पुन्हा सर्व्हे करणार, आणि या वेळी प्रश्न तुमच्या ऑफिसला विचारून ठरवणार आहेत.

मला लेखी समज मिळाली. "कर्मचाऱ्याने सभासदांना उत्तरे सांगू नयेत." कपाटात आतून डकवली आहे, शिट्टीच्या खिळ्याखाली. गुडघा मंडळासमोर उभं राहून मीच सांगितलं की बायांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. टोपीवाल्या काकू म्हणाल्या, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं हो, पण तुमच्या हातात शिट्टी होती."

तुझा नवा चार्ट फलकावर लावलाय. लोक त्यात आपलं घर शोधतात. बाकी खरं सांगू, लाटा असत्या तर चाललं असतं.

राग गेला. पण एक बाकी आहे. तुझ्या ऑफिसला सुट्टी असेल तेव्हा इथे यायचंस. मी फॉर्म बनवलाय, भरून पाठव. लागू असेल त्या प्रत्येकावर टिक कर. मी काहीही शिकवणार नाही.

आत्याकडे कशासाठी येणार?
गरम तलावात उतरायला
मोठ्या तलावात उतरायला
नुसतं काठाला चिकटून बसायला
आत्याशी भांडायला
इतर

वाट बघतेय,
आत्या

२८ मार्च

प्रिय आत्या,

रजा मंजूर झाली. सर म्हणाले, "जा, आणि बुडू नकोस, पुढच्या महिन्यात काम आहे."

फॉर्म भरलाय. गरम तलाव: टिक. काठाला चिकटून बसणं: टिक, पण फक्त पहिल्या दिवशी. आत्याशी भांडणं: टिक, रोज. मोठ्या तलावाचं तिथे आल्यावर बघू, खाली न बघता. "इतर" रिकामं सोडलंय.

खुणा तीन आहेत, मी एकच आहे, नीट मोज. आणि माझ्यासाठी वेगळं कार्ड काढू नकोस. तुझ्याच कार्डावर माझं नाव घाल.

तुझी,
बुडबुडी